हौसे, घोडं अजून लादलेलं नाही

हौसे, कॉलेजच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागला होता. मधोमध तुझा फोटो आणि वरच्या कोपऱ्यात हात जोडलेले विभागप्रमुख सर, तुझ्याहून मोठे. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'उपेक्षितांचा आवाज हरपला.' मी रिक्षातून उतरले आणि ते वाचून फाटकातच उभी राहिले. हरपला म्हणे! तो आवाज वर्गात उठला की 'खाली बसा' कोण म्हणायचं, ते त्या जोडलेल्या हातांना आठवत नसेल. मला आठवतं. तू असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली असतीस, "सुभेदारीण, फोटो बग की. माज्या तेराव्याला आलाय का वरातीला?"

तू गेलीस त्याला महिनाही झाला नाही. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेलीस, तो डोक्यात चढला आणि संपलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. पेपरच्या कोपऱ्यात ती बातमी आली होती, तुझं वय चुकवून आणि गाव शेजारचं टाकून. मला शोक करायला बसवतच नाही गं. बसले की संताप येतो, आणि इतकी वर्षं संताप आला की तुझ्याशीच भांडायची सवय. म्हणून हे लिहितेय. आता मध्ये तोंड घालू नकोस.

एम.ए.ला 'आदिवासी स्वशासन' हा पेपर घेणारे आपण वर्गात मोजकेच होतो. मी घेतला कारण त्यात मार्क पडतात असं कुणीतरी सांगितलं होतं. तू का घेतलास ते पहिल्याच आठवड्यात कळलं. सर त्या दिवशी रंगून शिकवत होते. दूर अमेरिकेतल्या एका मूलनिवासी समाजात घराण्यातल्या वयस्क बायका सरदार नेमतात, आणि तो नीट वागला नाही तर त्याला काढूनही टाकतात. फळ्यावर वर्तुळं, बाण, सगळं झालं. 'शासनातील स्त्रियांचा वाटा, दहा मार्कांना हमखास,' असं सर म्हणाले आणि तू हात वर केलास.

"सर, आमच्यात पण असंच हाय. फकस्त बायका बोलत न्हाईत."

वर्ग हसला. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "आमच्यात म्हणजे?"

"मेंढपाळ, सर. आटपाडीकडचे. आमचा वाडा असतो."

"म्हणजे तुम्ही भटके. हा पेपर आदिवासींचा आहे. घोळ घालू नका, खाली बसा."

"बसते सर," तू म्हणालीस, "मेंढरांस्नी तेवढं सांगते, तुमी पेपरात न्हाई म्हणून."

त्या दिवशी मी ठरवलं की राहायचं तर हिच्याबरोबर. हळदीच्या पेठेमागे आपण खोली घेतली, जिथं उन्हाळ्यात वाळत घातलेले कपडेही पिवळट व्हायचे. मी रहिमतपूरच्या उसाच्या रानातली, निवृत्त सुभेदाराची लेक, म्हणून तू मला सुभेदारीण केलंस. माझं खरं नाव तू फक्त भांडणात घ्यायचीस.

वाडा म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मला वाटायचं. आमच्या रानात दर वर्षी खतासाठी मेंढरं बसायची. चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची एकत्र केलेली मेंढरं, घोडी, कुत्री, घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या कोंबड्या. त्या सगळ्या गोतावळ्यालाच तुम्ही वाडा म्हणता, दगडविटांचा नव्हे, चालता. लहानपणापासून मी तो बांधावरून बघत आले होते. बघत आले म्हणजे काय, मेंढरं बघत आले. त्या गोतावळ्यात उद्या कुठं जायचं हे कोण ठरवतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या आबांनाही नाही, आणि त्यांनी तर आयुष्यभर पलटणी हलवल्या.

मग एकदा लसूण सोलता सोलता तू मला ती गोष्ट सांगितलीस. तू तेव्हा सात-आठ वर्षांची होतीस. संध्याकाळी गडी माणसं बसली, तंबाखू मळली, आणि उद्या तलावाच्या वाटेनं निघायचं असं ठरलं. त्या तलावावर आदल्या वर्षी पाणी आणायला गेलेल्या बायकांच्या मागं गावची टारगट पोरं लागली होती. तुझ्या चुलतीचा पदर ओढला होता. बायकांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणि गडी म्हणाले होते, 'ध्यान दिऊ नगा.' आता पुन्हा तीच वाट. बैठकीत बाई नव्हतीच, त्यामुळे नाही म्हणायला कुणी नव्हतं.

सकाळी पालं उतरवायची, बिऱ्हाड बांधायचं आणि घोड्यावर लादायचं हे काम बायकांचं. तुझ्या आईनं घोडं आणलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चट्टा आलाय ह्याला. लादलं तर जखम हुईल." चुलतीच्या पोराला जुलाब सुरू झाले. तिसरीची दोरी तुटली. चौथी म्हणाली, ह्यांची घोडी न्हाईत लादली तर मी एकटी कुठं जाऊ? वाड्याचा म्होरक्या एकेका घोड्यापाशी जाऊन आला आणि दगडावर बसला. एकही बिऱ्हाड मागं ठेवून वाडा हलत नाही, हा तुमचा नेम. वाडा बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. मेंढरं ओरडायला लागली. मग म्होरक्या आपणहूनच म्हणाला, "तलावाकडं चारा न्हाई म्हणत्यात. वरच्या वाटंनं जाऊ."

"आणि सुभेदारीण," तू हसत हसत लसूण सांडलास, "चट्टा असा बरा झाला, डाक्टर चाट पडला असता!"

कुणी नाही म्हणालं नव्हतं. कुणी हरलंही नव्हतं. गडी माणसं आजही सांगतात की म्होरक्यानं वाट बदलली. म्होरक्याला सगळं कळलं होतं, आणि कळलं नाही असं दाखवण्यातच त्याचं म्होरकेपण होतं, असं तू म्हणायचीस.

मी तुला तेव्हाच म्हणाले होते की ही निव्वळ अडवणूक आहे. कारण सांगायचं नाही, समोर यायचं नाही, नुसतं बसून राहायचं. उद्या एखादीनं सासूवरच्या रागानं घोडं लादलं नाही तर? तू म्हणालीस, "कारणं सांगायची कुणी? ज्याचं ऐकत्यात त्यानं. बाकीच्यांनी बसावं." मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण हे वाक्य तुझ्या प्रबंधात हवं होतं, आणि ते ज्या प्रकरणात होतं त्या प्रकरणावरून पुढची सगळी वर्षं गेली.

तू पीएच.डी.ला नाव नोंदवलंस. मार्गदर्शक म्हणून तेच सर मिळाले, कारण या विषयाला दुसरं कुणी नव्हतं. वाड्यांचं स्वशासन असा विषय, आणि त्यात घोडं लादण्याचं प्रकरण. सर म्हणाले, "बैठक हे शासन. लादणं हे घरकाम. दोन्हीची गल्लत करू नका." हे वाक्य ऐकून तू खोलीवर आलीस आणि पातेलं असं आपटलंस की खालच्या अडत्याची मुनीम मंडळी वर बघायला आली. दहा मार्कांना हमखास असलेल्या परदेशी आज्या सरांना चालत होत्या. त्या पुस्तकात होत्या ना! आटपाडीची बाई चालत नव्हती, कारण ती एस.टी.नं येऊन समोर बसली असती.

पुढे त्यांनी नवं काढलं. घोडी आता कुठं राहिली, वाडे पिकअप भाड्यानं करतात, तेव्हा प्रकरण कालबाह्य आहे. तू शांतपणे विचारलंस, "सर, पिकअपात सामान कोण भरतंय, कवा बगितलंय का?" त्यावर सरांनी तुला 'भाषा सांभाळा' म्हणून बजावलं. आणि शेवटी हुकमाचं पान, पुरावा. बायका नुसत्या बसून राहिल्या याला पुरावा काय? झालेल्या बैठकांचंही टिपण नसतं तिथं न झालेल्या लादणीचं कुठून आणायचं? पण पुरावा हा शब्द असा आहे की तो उच्चारला की म्हणणारा शहाणा ठरतो.

एका सुट्टीत तू रहिमतपूरला आलीस आणि आबांशी वाद घातलास, तो आठवतो? आबा झोपाळ्यावर, तू जोत्यावर, मी मध्ये शेंगा फोडत होते.

"हुकूम म्हंजी हुकूम, पोरी," आबा म्हणाले. "फौजेत कुनी असा चट्टा काडला असता तर कोर्ट मार्शल झालं असतं."

"आवं आबा, तुमच्या फौजेत सैपाक बायका करत्यात का?"

"न्हाई. लांगरी असतो की. त्योबी फौजीच."

"म्हणूनच हुकूम चालतोय तुमचा," तू म्हणालीस.

आत स्वयंपाकघरात आई हसली. आबांना ऐकू गेलं नाही, तुला गेलं. रात्री जेवताना तू सहज विचारलंस, "काकी, तुमची पाठ कवा कवा धरती ओ?" आई म्हणाली, "आता कशी गं सांगू? धरती कधीतरी." आणि तिनं तुझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

परतताना गाडीत तू मला हिशोब लावून दिलास. बी.ए. झाल्या झाल्या आबांनी माझ्यासाठी एक फौजी स्थळ पक्कं करत आणलं होतं. त्या महिन्यात आईची पाठ अशी धरली की पाहुण्यांसाठी चहा ठेवायलाही ती उठू शकली नाही. दोनदा बोलावणं पुढं ढकललं, तिसऱ्यांदा पाहुण्यांनीच दुसरीकडं बघितलं. मी त्या पाठीला तेल चोळायचे आणि देवाला म्हणायचे, हिला बरं कर. माझं एम.ए. त्या पाठदुखीवर झालं, हौसे, आणि हे मला माझ्या आईनं नव्हे, तू सांगितलंस. याचे आभार मी कधी मानले नाहीत. तू ते ऐकून घेतलेही नसतेस.

आता त्या भांडणाकडं येते, जे आपण पुरं केलं नाही.

पुराव्यासाठी तू रेकॉर्डर घेऊन घरी गेलीस आणि मावशींची, तुझ्या आईची, रीतसर मुलाखत घेतलीस. परत आलीस ती तोंड पाडून. खोलीत बसून आपण दोघींनी ती ऐकली. मागे कोंबड्यांचा आवाज, तुझा तो विद्यापीठाच्या मराठीतला प्रश्न, 'मुक्काम हलवण्याच्या निर्णयात स्त्रियांची भूमिका काय असते?' आणि मावशींचं उत्तर, सरळ, थंड. "आमी काय ठरिवतोय, बाय? गडी मान्सं ठरिवत्यात. आमी आपलं घोडं लादायचं." तू तलावाची आठवण काढलीस. "त्या बारीला घोड्याला चट्टा आला हुता," मावशी म्हणाल्या. बस्स. त्यापुढे एक अक्षर नाही.

मी म्हणाले, "हौसे, ही तुझ्याविरुद्धची साक्ष झाली." तू म्हणालीस, "ती न्हाई म्हणती ह्योच पुरावा हाय." मी म्हणाले की विद्यापीठात असा पुरावा चालत नाही, आणि दुसरं म्हणजे, जी गोष्ट ती स्वतःच्या लेकीपाशीही बोलत नाही ती तू छापून टाकणार? छापल्यावर गडी वाचतील आणि पुढच्या वेळी घोडं स्वतः लादतील. तिचं हत्यार तिला न विचारता चव्हाट्यावर मांडायचा हक्क तुला कुणी दिला? तेव्हा तू माझं खरं नाव घेतलंस. म्हणालीस, "उसाच्या रानातून आमची मेंढरं मोजणाऱ्यांनी मला हक्क शिकवू नगं." आणि पुढचे कितीतरी दिवस आपण एकाच स्टोव्हवर वेगवेगळा चहा केला.

पण तो प्रश्न तुला लागला होता. तू ते प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिलंस. कधी म्हणायचीस, फाडून टाकते. कधी म्हणायचीस, आता पोरींना घोडंही माहीत नाही आणि चट्टाही, त्या नुसत्या मोबाईल बघत पिकअपात बसतात, लिहिलं नाही तर जाईलच. घरी गेलीस की फोन करून मला पानं वाचून दाखवायचीस, मी इकडे 'हं, हं' करायचे आणि शेवटी तेच विचारायचे, "आईला विचारलंस?" तू म्हणायचीस, "विचारलं की न्हाई म्हणती. न्हाई विचारलं तर तू बोंबलतीस. मी जाऊ कुठं?" शेवटच्या फोनवरही तेच झालं. तू ताप आहे म्हणालीस, गोळी घेते म्हणालीस, आणि म्हणालीस, "बरी झाले की आईला समोर बसवून वाचून दावते. मग ती काय म्हणंल ते म्हणंल." एवढंच तुझ्या हातून राहिलं, आणि एवढ्यानंच माझी झोप गेलीय.

सर म्हणत होते, प्रकरण काढा, दिवाळीपर्यंत पदवी हातात देतो. तू काढलं नाहीस. तू तुझं घोडं लादलं नाहीस. इथं मात्र तू चुकलीस, हौसे, आणि हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. वाड्यात एक घोडं लादलं नाही तर सगळा वाडा थांबतो. विद्यापीठात कोण थांबतंय? तुझ्यामागून आलेले पुढं गेले, डॉक्टर झाले, नोकरीला लागले. सरांना पगार होता, वेळ होता, तुझ्याकडं फक्त हट्ट होता. त्यांनी तुला वाट बघायला लावली आणि तू वाट बघत बघत मेलीस. याला शासनपद्धतीच म्हणतात, आणि तिचा अभ्यास कुठल्याही पेपरात नाही.

आता कार्यक्रमाचं ऐक. तुझा प्रबंध ग्रंथरूपानं काढायचं विभागानं ठरवलं. संपादक अर्थातच सर. आणि 'वादग्रस्त' प्रकरण वगळून! मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. मी त्याच विभागात अजून तासिका तत्त्वावरच शिकवते, येत्या जूनला ठेवायचं की नाही हे त्यांच्याच हातात. तरी म्हणाले, सर, त्या प्रकरणासाठीच तिनं इतकी वर्षं काढली. सर हळुवार आवाजात म्हणाले, "मॅडम, गेलेल्या माणसाच्या नावाला वाद चिकटू नये." जिवंत होतीस तेव्हा तूच वाद होतीस, मेलीस तर लगेच नाव झालीस. केबिनमध्ये बसलेल्या बाकी प्राध्यापकांनी माना डोलावल्या. आणि मला काम दिलं सूत्रसंचालनाचं, कारण 'तुमचे तिच्याशी जिव्हाळ्याचे संबंध'. कार्यक्रमाचा मुख्य भाग असा, की मावशी व्यासपीठावर येऊन प्रबंधाची प्रत विभागाच्या हाती सुपूर्द करणार, फोटो निघणार. मातेच्या हस्ते म्हटलं की मग प्रश्नच मिटला. ती प्रतही विभागानंच बांधून दिली होती, पिवळ्या कापडात, ते प्रकरण आधीच काढून.

सकाळी स्टँडवर मी मावशींना आणायला गेले. आटपाडीच्या गाडीतून त्या एकट्याच उतरल्या. हातात काठी नाही, पिशवी नाही. मी कँटीनमध्ये चहा सांगितला आणि पिवळं गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वरून हात फिरवला, जसा पाठीवरून फिरवतात तसा.

"घोड्याचं हाय का ह्यात?" त्या म्हणाल्या.

मी बशी खाली ठेवली. "मावशी, तुम्हाला कसं ठाऊक?"

"ती फोनवर तुला वाचून दावायची की. मी हिकडं भाकरी थापत हुते."

"मग तिला सांगितलं का नाहीत, ऐकलं म्हणून?"

"कशाला सांगायचं? थापत हुते की."

मला रडू फुटलं. त्या कँटीनमध्ये, त्या माशा आणि त्या कंडक्टरांसमोर. इतकी वर्षं आपण भांडलो, हक्क कुणाचा, विचारलंस का, सांगितलंस का, आणि ती बाई चुलीपाशी बसून एकेक पान ऐकत होती. तिनं थापायचं थांबवलं नाही, हे तिचं उत्तर होतं. आणि तुला ते कळलं नाही. एवढा अभ्यास करून तुला तुझ्याच आईचं ते कळलं नाही, गं!

"बरं लिहिलं होतं का?" मी डोळे पुसत विचारलं.

मावशींनी जरा विचार केला. "बरं हुतं. पर चट्टा डाव्या अंगाला हुता. तिनं उजव्या लिवला."

मी त्यांना खरं सांगितलं, की घोड्याचं यात नाही, काढलंय. त्यांनी चहा संपवला, गाठोडं काखेला मारलं आणि उठल्या. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. मी अर्ध्यात दम खायला थांबले, मावशी कठड्याला हात न लावता वर पोचल्या होत्या.

भाषणं झाली. तुझा स्वभाव मृदू होता, असं एक जण म्हणाले. मला हसू आवरेना. तुझा संघर्ष, तुझी चिकाटी, विभागानं दिलेलं पाठबळ. पाठबळ! मग माझी पाळी आली. मी माइकवर म्हणाले, आता मी आईंना विनंती करते की त्यांनी व्यासपीठावर यावं.

मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बसूनच राहिल्या.

सर हसून म्हणाले, "या ना, आई."

"गुडघं दुकाय लागल्यात, साह्यब," मावशी म्हणाल्या. "उटवंना झालंय."

सभागृहात हळहळ पसरली. सर मोठ्या मनानं खाली उतरले, मागोमाग फोटोवाला, प्रमुख पाहुणे शाल घेऊन. सरांनी दोन्ही हात पुढे केले. मावशींनी गाठोडं मांडीवरून हलवलं नाही. "जरा दमानं," त्या म्हणाल्या, "हातालाबी मुंग्या आल्यात. मोकळा हुंद्या." आवाजात राग नाही, काही नाही. सर हात पुढे करून तसेच. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला, खाली केला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. सगळी सभा बसलेल्या वाड्यासारखी थांबली होती, आणि काय चाललंय हे त्या सभागृहात फक्त मला कळत होतं. की सरांनाही कळलं होतं? त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा चेहरा उतरलेला होता. दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बोला काहीतरी. सांभाळून घ्या."

सूत्रसंचालकाचं कामच ते. चार ओळी म्हणायच्या, टाळ्या घ्यायच्या, आईंच्या वतीनं मीच गाठोडं उचलून सरांच्या हातात द्यायचं. लोकांना ते गोडही वाटलं असतं. आणि जून जवळ आला होता.

मी गळ्याला हात लावला. "सर," मी म्हणाले, "घसा बसलाय."

माइक ठेवला, खाली उतरले आणि मावशींच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. फक्त गाठोडं थोडं सरकवून मला हात टेकायला जागा केली.

पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता. शाल खुर्चीवर राहिली. आभार कुणी मानले नाहीत. लोक पांगल्यावर मावशी उठल्या, जिना उतरल्या आणि स्टँडपर्यंत रिक्षा नको म्हणाल्या. आटपाडीच्या गाडीत खिडकीशी बसल्या, गाठोडं मांडीवर. गाडी हलताना हात बाहेर काढून म्हणाल्या, "घसा जप, पोरी. इतक्यात बरा हुयाचा न्हाई त्यो."

परवा सरांचा फोन आला. आवाज एकदम मधाळ. घसा कसा आहे, विचारलं. काढा घ्या म्हणाले. मग म्हणाले, ते प्रकरण परिशिष्टात घेता येईल का, बघू. मी म्हणाले, "सर, अजून आवाज फुटत नाही." त्यांना बहुतेक कळतंय. कळत नाही असं दाखवताहेत, तेवढं मात्र म्होरक्यासारखं. जूनला काय करायचं ते करतील.

पूर्ण प्रत माझ्याकडं आहे, तू मेलवर पाठवलेली. आज ते पान काढून बसलेय. बाकी तुझ्या एका शब्दाला हात लावणार नाही, हौसे. फक्त घोड्याचा चट्टा उजव्या अंगाचा डाव्या अंगाला करतेय. आईनं सांगितलंय.